दूरस्थ सर्व्हर नकार देतो तेव्हा

कार्यालय असो, शाळा असो वा सार्वजनिक ग्रंथालय, आज तेथील बहुतेक नोंदी कागदाच्या जोडीने संगणकातही ठेवण्यात येतात. मात्र ज्या संगणकात या नोंदी साठविलेल्या असतात, तो सर्व्हर बहुधा आपल्या टेबलावर नसतो. तो शेजारच्या खोलीत, जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा शेकडो किलोमीटर दूर असलेल्या एखाद्या केंद्रात असतो. त्याची देखभाल करणारी व्यक्ती आपल्या जागेवरूनच त्यात प्रवेश करते व आपले काम करते. या पद्धतीस दूरस्थ लॉगिन असे म्हणतात.

हा प्रवेश एखाद्या सकाळी अकस्मात नाकारला जातो. पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटते आणि काम ठप्प होते. निकाल जाहीर करण्याचा किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज पाठविण्याचा तो अखेरचा दिवस असेल, तर कार्यालयात धावपळ उडते. अशा घाईत जे उपाय योजण्यात येतात, ते पुष्कळदा मूळ बिघाडाहून अधिक घातक ठरतात. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच, की सर्व्हरचा नकार हेही एक उत्तरच आहे, आणि ते नीट वाचले तर दोष कोठे आहे हे तेच सांगते, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानी यावी. पंचायत सदस्यांना किंवा मुख्याध्यापकांना स्वतः सर्व्हर दुरुस्त करावयाचा नसतो. परंतु तंत्रज्ञ कोणता उपाय करीत आहे आणि तो योग्य आहे की नाही, हे विचारण्याइतकी जाण त्यांना असणे अगत्याचे आहे.

एसएसएचचा जन्म

दूरस्थ लॉगिनची जुनी पद्धत टेलनेट या नावाने ओळखली जात असे. तिच्यात पासवर्ड तारांवरून उघड्या पत्रासारखा जात असे. मार्गात कोणी टपून बसला असेल तर त्याला तो वाचता येई. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर अशाच प्रकारे पासवर्ड चोरले गेले. तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी एक नवी पद्धत रचली. तिच्यात दोन्ही संगणकांमधील सारा संवाद सांकेतिक रूपात जातो. हीच ‘सिक्युअर शेल’ अर्थात एसएसएच होय. डिसेंबर १९९९ मध्ये ओपनएसएसएच ही तिची मुक्त आवृत्ती प्रसिद्ध झाली. आज लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सर्व्हरांवर तीच असते, आणि २०१८ पासून विंडोज १० मध्येही तिचा ग्राहक-प्रोग्राम अंतर्भूत करण्यात आला आहे.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे, की एसएसएचचा काटेकोरपणा हा तिचा दोष नसून तिचे प्रयोजन आहे. चोरीच्या अनुभवातून हे दार बसविण्यात आले. ते कधी आपल्यालाही अडविते, म्हणून ते उखडून टाकणे हा शहाणपणा नव्हे.

इमारत, खिडकी आणि लिपिक

सर्व्हर म्हणजे एक मोठे कार्यालय आहे अशी कल्पना करावी. त्याचा आयपी पत्ता म्हणजे इमारतीचा पत्ता. इमारतीत निरनिराळ्या कामांच्या क्रमांकित खिडक्या असतात. त्यांना पोर्ट असे म्हणतात, व त्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत असू शकतात. एसएसएचसाठी २२ क्रमांकाची खिडकी नेमून दिलेली आहे. त्या खिडकीमागे एसएसएचडी नावाचा प्रोग्राम लिपिकाप्रमाणे बसून येणाऱ्यांची वाट पाहतो. इमारतीच्या फाटकावर पहारेकरी असतो, ती फायरवॉल. लॉगिन करणाऱ्यास प्रथम इमारत सापडावी लागते, नंतर पहाऱ्यातून पुढे जावे लागते, मग खिडकी उघडी असावी लागते, आणि अखेरीस लिपिकास आपली ओळख पटवावी लागते. यांपैकी कोणत्या पायरीवर अडथळा आला, ते नकाराच्या शब्दांवरून कळते.

नकाराचे चार प्रकार

पहिला प्रकार ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम’ असा संदेश येण्याचा. सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ताच सापडला नाही, असा याचा अर्थ. नाव चुकीचे लिहिले गेले असावे किंवा नावांचे पत्ते सांगणारी डीएनएस सेवा बंद असावी. येथे सर्व्हरला दोष देण्याचे कारण नाही, कारण आपण त्याच्यापर्यंत पोहोचलेलोच नसतो.

दुसरा प्रकार ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ हा होय. एक-दोन मिनिटे वाट पाहूनही काहीच उत्तर आले नाही, एवढेच तो सांगतो. सर्व्हर बंद असेल, मार्गातील जाळे तुटले असेल, किंवा पहारेकऱ्याने आपली विनंती काहीही न बोलता टाकून दिली असेल. मौन हे या प्रकाराचे लक्षण आहे.

तिसरा प्रकार ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. येथे मौन नाही. क्षणार्धात स्पष्ट नकार येतो. पत्त्यावर कोणीतरी आहे, परंतु आपण मागितलेल्या खिडकीवर आपल्यासाठी कोणी बसलेले नाही, असा याचा सर्वसाधारण अर्थ. इंटरनेटवरील संवादाच्या टीसीपी या नियमांत अशी तरतूदच आहे, की ज्या पोर्टवर कोणताही प्रोग्राम ऐकत नाही, तेथे विनंती आल्यास संगणकाने ताबडतोब ‘रीसेट’ ही खूण परत पाठवावी. तीच खूण आपल्या पडद्यावर नकार म्हणून उमटते. म्हणजे पासवर्ड बरोबर की चूक, हा प्रश्न येथपर्यंत उपस्थितच झालेला नसतो. तरीही अनेक ठिकाणी हा संदेश दिसताच पासवर्ड बदलण्याचा घाट घालण्यात येतो. तो सर्वस्वी व्यर्थ होय.

चौथा प्रकार ‘परमिशन डिनाइड’. येथे खिडकी उघडी आहे, लिपिक जागेवर आहे, परंतु आपली ओळख त्याला पटलेली नाही. वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड किंवा किल्ली यांत दोष आहे. येथे फायरवॉल तपासत बसणे तितकेच व्यर्थ.

स्पष्ट नकाराची कारणे

यांपैकी तिसऱ्या प्रकाराचा विचार अधिक तपशिलाने करावयास हवा, कारण तो वरवर सोपा वाटला तरी त्याची कारणे अनेक आहेत.

सर्वांत साधे कारण म्हणजे एसएसएचडी हा प्रोग्राम चालू नसणे. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत तो मुळात बसविलेलाच नसतो, तो स्वतंत्रपणे बसवावा लागतो. बसविलेला असला तरी वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाला असता तो आपोआप सुरू व्हावा, अशी व्यवस्था केलेली नसेल तर खिडकी रिकामीच राहते. त्याच्या मांडणीच्या फाईलमध्ये एखादा शब्द चुकला असल्यास तो सुरू होण्याचेच नाकारतो. ही चूक पुष्कळदा काही आठवड्यांपूर्वी केलेली असते, आणि सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत ती उघडकीस येत नाही.

दुसरे कारण म्हणजे खिडकीचा क्रमांक बदललेला असणे. काही व्यवस्थापक २२ ऐवजी दुसरा क्रमांक ठेवतात. त्याची नोंद कोठे केली नसेल, तर नवा माणूस बंद खिडकीवर थाप मारीत बसतो. कधी प्रोग्राम केवळ सर्व्हरच्या अंतर्गत पत्त्यावर ऐकत असतो. तेव्हा सर्व्हरसमोर बसून केलेले लॉगिन यशस्वी होते, पण बाहेरून येणाऱ्यास नकार मिळतो.

तिसरे कारण पहारेकऱ्याचे. फायरवॉल प्रत्येक वेळी मौन बाळगतेच असे नाही. तिला तशी आज्ञा दिली असेल तर ती स्पष्ट नकारही पाठविते. फेलटूबॅन हा रक्षक-प्रोग्राम अनेक सर्व्हरांवर असतो. त्याच्या मूळ मांडणीनुसार दहा मिनिटांत पाच वेळा चुकीचा प्रयत्न झाल्यास त्या पत्त्यास दहा मिनिटे बंदी घालण्यात येते, आणि या काळात ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असाच संदेश दिसतो. येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. एका कार्यालयातील सर्व संगणक बहुधा एकाच सार्वजनिक पत्त्याने बाहेर पडतात. त्यामुळे एका कर्मचाऱ्याने पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिला, तर संपूर्ण कार्यालयास बंदी होते. अशा वेळी मोबाईलच्या जोडणीवरून प्रयत्न करून पाहावा. तेथून खिडकी उघडी दिसली, तर सर्व्हर धडधाकट आहे व अडथळा आपल्या पत्त्यापुरता आहे, हे सिद्ध होते.

चौथे कारण सर्वांत फसवे आहे. नकार देणारा संगणक आपला सर्व्हर नसेलच! हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

ग्रंथालयातील सोमवार

समजा, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोहा ही मुक्त संगणक प्रणाली लिनक्स सर्व्हरवर बसविलेली आहे. शनिवारी रात्री वीज गेली आणि रविवारी परत आली. सोमवारी सकाळी ग्रंथपालांनी लॉगिन करण्याचा प्रयत्न केला असता ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश आला. त्यांनी पिंग या आज्ञेने पत्ता तपासला, तर उत्तर तत्काळ मिळाले. यावरून सर्व्हर चालू आहे व केवळ एसएसएचडी बंद आहे, असा निष्कर्ष कोणीही काढील. नवशिका तंत्रज्ञ तो प्रोग्राम पुन्हा बसविण्याच्या किंवा फायरवॉल पूर्णतः बंद करण्याच्या मागे लागेल.

ग्रंथपालांनी मात्र आणखी एक पायरी तपासली. तोच पत्ता त्यांनी ब्राउझरमध्ये टाकून पाहिला. ग्रंथसूचीऐवजी कार्यालयातील मुद्रकाचे पान उघडले. सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवलेला नव्हता. वीज परत आल्यावर जाळ्याचे पत्ते नव्याने वाटले गेले, आणि सर्व्हरचा जुना पत्ता मुद्रकाच्या वाट्याला आला. मुद्रकावर २२ क्रमांकाची खिडकीच नसल्याने त्याने नियमाप्रमाणे नकार पाठविला. सर्व्हर आपल्या नव्या पत्त्यावर सुखरूप चालू होता. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम करण्यात आला, दोन्ही यंत्रे पुन्हा सुरू करण्यात आली आणि काम पूर्ववत झाले. सर्व्हरच्या एकाही फाईलला हात लावावा लागला नाही.

या उदाहरणाचा बोध असा, की नकार कोणी दिला हे निश्चित झाल्याखेरीज दुरुस्तीस आरंभ करू नये.

तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी बाहेरून आत करावी. प्रथम संदेश शब्दशः लिहून घ्यावा. त्यासोबत वेळ, आपण कोठून प्रयत्न केला आणि यापूर्वी शेवटचे यशस्वी लॉगिन केव्हा झाले, हेही नोंदवावे. ‘सर्व्हर चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून कोणासही काही करता येत नाही.

त्यानंतर नाव, पत्ता व पोर्ट क्रमांक पडताळून पाहावे. मग दुसऱ्या जोडणीवरून प्रयत्न करावा. एसएसएचच्या आज्ञेस ‘मायनस व्ही’ हे चिन्ह जोडल्यास ग्राहक-प्रोग्राम आपली प्रत्येक पायरी पडद्यावर सांगत जातो. कोणत्या पायरीनंतर खंड पडला, ते त्यात दिसते.

बाहेरील तपासणीत दोष सापडला नाही, तरच सर्व्हरपाशी जावे किंवा त्याच्या केंद्रातील व्यवस्थापकास विनंती करावी. तेथे ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ या आज्ञेने सेवेची स्थिती कळते. डेबियन व उबुंटूवर या सेवेचे नाव ‘एसएसएच’ असते, तर रेड हॅट परिवारात ‘एसएसएचडी’. कोणता प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर व पोर्टवर ऐकत आहे, हे ‘एसएस’ या आज्ञेने दिसते. मांडणीची फाईल निर्दोष आहे की नाही, हे ‘एसएसएचडी मायनस टी’ ही आज्ञा सेवेस धक्का न लावता सांगते, आणि चूक असल्यास ओळीचा क्रमांकही दाखविते. सेवा का थांबली, हे ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत लिहिलेले असते. फायरवॉलचे नियम सर्वांत शेवटी पाहावेत, आणि बदल करावयाचा झाल्यास आवश्यक तेवढेच पोर्ट आवश्यक तेवढ्याच पत्त्यांना खुले करावे.

दूर बसून मांडणी बदलताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. चालू असलेले लॉगिन बंद करू नये. एसएसएचडी पुन्हा सुरू केला तरी आधी जोडलेले लॉगिन सामान्यतः टिकून राहते. म्हणून बदल केल्यावर दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन करून पाहावे, आणि ते यशस्वी झाल्यावरच पहिले बंद करावे. हे पथ्य न पाळणारा तंत्रज्ञ स्वतःच्याच हाताने दार लावून बाहेर राहतो, आणि मग सर्व्हर असलेल्या गावापर्यंत त्याला प्रवास करावा लागतो.

ओळख पटत नसेल तर

‘परमिशन डिनाइड’ या प्रकारात पासवर्डाखेरीज किल्लीचाही विचार करावा. एसएसएचमध्ये किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्ली आपल्यापाशी राहते, तर तिची सार्वजनिक जोडीदार सर्व्हरवर नोंदविण्यात येते. ज्या निर्देशिकेत ही नोंद असते, तिच्यात इतरांना लिहिण्याची मुभा असेल तर सर्व्हर किल्ली मानीत नाही. म्हणून ती निर्देशिका ७०० व किल्ल्यांची फाईल ६०० या अधिकारांवर ठेवण्याचा प्रघात आहे. अडचण आली की सर्वांना सर्व अधिकार देणारा ७७७ हा आकडा वापरण्याची काहींना सवय असते. एसएसएचच्या बाबतीत तो उपाय नसून नकाराचे आणखी एक कारण आहे.

सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा पडद्यावर आल्यास तो कधीही दुर्लक्षित करू नये. सर्व्हर नव्याने उभारला असेल तर हा इशारा स्वाभाविक असतो. परंतु आपल्या व सर्व्हरच्या मध्ये कोणी तोतया उभा असला, तरी हाच इशारा येतो. व्यवस्थापकास दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी, व त्यानंतरच जुनी नोंद काढावी.

घाईचे उपाय व जबाबदारी

फायरवॉल पूर्णतः बंद करणे, सर्वाधिकारी असलेल्या ‘रूट’ या खात्यास पासवर्डावर प्रवेश देणे, आणि सर्वांनी मिळून एकच पासवर्ड वापरणे, हे तीन उपाय संकटकाळी फार लवकर सुचतात. काम त्या दिवसापुरते होतेही. परंतु उघडे ठेवलेले दार दुसऱ्या दिवशी कोणी लावीत नाही. इंटरनेटवर २२ क्रमांकाची खिडकी शोधीत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. सामाईक पासवर्डामुळे तर कोणती नोंद कोणी बदलली, हे ठरविणेच अशक्य होते. विद्यार्थ्याचे गुण किंवा लाभार्थ्याचे नाव बदलले गेले, तर उत्तर कोणी द्यावयाचे?

कायद्याचीही येथे दखल घ्यावयास हवी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार विनापरवानगी संगणकात प्रवेश करणे हा दंडनीय प्रकार आहे. म्हणून या लेखातील चाचण्या, ज्या सर्व्हरचा अधिकार आपणांस दिलेला आहे, त्याच्यावरच कराव्यात. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत, आणि अनधिकृत प्रवेशासारख्या घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावयाची आहे. तपासणी करताना लॉग पुसून टाकणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय, हे तंत्रज्ञास आधीच बजावून ठेवावे.

प्रत्येक संस्थेने एक लहानशी नोंदवही ठेवली, तर यांतील बरेच कष्ट वाचतील. सर्व्हरचा कायम पत्ता, पोर्ट क्रमांक, सेवेचे नाव, प्रवेशाचा अधिकार असलेल्या व्यक्तींची यादी, केलेला प्रत्येक बदल व त्याची तारीख एवढे तीत असावे. पासवर्ड मात्र तीत लिहू नयेत. सेवा सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याची किल्ली त्याच दिवशी रद्द करून तशी नोंद करावी.

यापुढे पडद्यावर नकार उमटला की प्रथम तो शेवटपर्यंत वाचावा व लिहून घ्यावा. तंत्रज्ञ आला म्हणजे त्यास तीन प्रश्न विचारावेत: नकार नेमका कोणत्या यंत्राने दिला, तो कोणत्या पायरीवर दिला, आणि आता करावयाचा बदल काम झाल्यावर मागे घेता येईल काय? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच सर्व्हरला हात लावू द्यावा.